कोणी केलंय हे काम?

दुसरा मिस्त्री घरात शिरला की पाणी मागायच्या आधी पहिल्या मिस्त्रीची अक्कल काढतो. धंद्याची रीतच आहे ती. आमच्याकडे आलेल्या मिस्त्रींनी तर चप्पल काढता काढताच विचारलं, "कोणी केलंय हे काम?" आणि उत्तराची वाट न बघता मान हलवली.

डोंबिवलीतली आमची इमारत १९७८ची. मूळच्या मोझॅइकच्या लाद्या एका कोपऱ्यात खचलेल्या. "तोडफोड नाही, डेब्रिज नाही, एका दिवसात लाकडासारखी जमीन," असं म्हणत पहिल्याने त्यांच्यावर विनायलच्या पट्ट्या चढवल्या. एका दिवसात झालं, हे खरं. जमीन चार मिलिमीटर वर आल्याने बेडरूमचं दार उघडेना, हेही खरं. पण खरी गंमत मे महिन्यात. बाल्कनीतून ऊन आत आलं आणि हॉलच्या मधोमध टेंगूळ उगवलं. पाय पडला की 'टक्क'. रात्री फ्रीजमधलं श्रीखंड चोरून खायची सोय राहिली नाही, दोन 'टक्क' झाले की आतून आईचा आवाज, "वाटी घे रे, डब्यात चमचा नको."

मिस्त्रींनी भिंतीच्या पायथ्याचं स्कर्टिंग उपटलं, आणि टेंगळाचं कारण तिथेच निघालं. या पट्ट्या चिकटवलेल्या नसतात, एकमेकींत अडकवून नुसत्या पसरलेल्या असतात. उन्हाने फुगतात, म्हणून भिंतीकडेने फट सोडायची आणि ती स्कर्टिंगखाली झाकायची. आमच्याकडे पट्ट्या भिंतीला नाक लावून उभ्या. दुसऱ्या टोकाला आईचं लोखंडी कपाट. ते हलवायचा पहिल्याने कंटाळा केलेला, पट्ट्या त्याच्या पायथ्यापर्यंत ठोकून भिडवलेल्या. फुगलेल्या जमिनीला जायला वाट एकच, वर.

मग सगळं उसवणं आलं. मधलीच पट्टी काढता येत नाही, भिंतीपासून एकेक सोडवत यावं लागतं. बाबांनी प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे घातले. त्यांचा १ आणि ९ बँकेतल्या कॅशियरलाही कधी कळला नव्हता, मिस्त्रींना काय कळणार? काहींच्या खाचा हातोड्याने चेचलेल्या निघाल्या, त्या बाद. खचलेल्या कोपऱ्यावर सरळ पट्टी आडवी धरली तर खालून पाच रुपयांचं नाणं आरामात सरकलं. मिस्त्रींनी ते बाबांना दाखवलं, पुन्हा एकदा "कोणी केलंय" म्हणाले आणि नाणं स्वतःच्या खिशात टाकलं. लेव्हलिंगचा घोळ ओतला. तो सुकेपर्यंत सोफा, टीव्ही आणि आम्ही, सगळे स्वयंपाकघरात. आईने सोफ्यावर बसून चपात्या लाटल्या आणि हीच पद्धत बरी असं जाहीर केलं.

कपाट हलवल्यावर खाली जुनी मोझॅइक, अगदी कोरी. लाल-काळे ठिपके लखलखीत. आता इथेही पट्ट्या येणार, असं आम्ही धरून चाललो होतो. मिस्त्री म्हणाले, "छे. एवढं वजन पट्ट्यांवर ठेवायचं नाही, जमीन दाबून धरतं ते. कपाट लादीवरच राहू दे, पट्ट्या त्याच्या अलीकडे थांबवू, मधली फट झाकायला वर बीडिंगची बारीक पट्टी मारू."

बाबांनी बिल हातात घेतलं, चष्मा कपाळावर सारला. "म्हणजे कपाट न हलवता त्यानेही हेच केलं होतं ना? मग त्याचं चुकलं काय?"

"आठ मिलिमीटर, काका," मिस्त्री म्हणाले. "बीडिंगचे पैसे वेगळे."