बल्गेरियाचं चलन कुणी ‘हिसकावलं’?

“1 जानेवारी 2026 ला बल्गेरियाने युरो घेतला आणि लोकांची बचत एका रात्रीत निम्मी झाली. ब्रुसेल्सने चलन हिसकावलं, सोनं नेलं, महागाई दुप्पट केली.” हा फॉरवर्ड आमच्या काकांनी ‘अर्थकारण समजून घ्या’ अशी ओळ वर जोडून सगळ्या नातेवाइकांना पाठवलाय. घेऊ समजून.

बल्गेरियाचं जुनं चलन लेव्ह, आणि बदलाचा दर 1 युरोला 1.95583 लेव्ह. 100 लेव्हचे 51.13 युरो झाले, खरंय. पण 2 लेव्हची वस्तूही 1.02 युरोला झाली! पगार, भाडं, कर्जाचा हप्ता, सगळं त्याच 1.95583 ने भागलं. आणि भागायचं ते पूर्ण दरानेच. 0.51 ने गुणलं तर 1000 लेव्हमागे 1.29 युरो बुडतात, म्हणून युरोपीय नियमात असा उलटा दर वापरायलाच बंदी आहे.

आता ‘हिसकावलं’. अहो, हातात होतं काय? 1996 मध्ये बुडीत कर्जांनी बँका कोसळत होत्या, मध्यवर्ती बँक नवा पैसा ओतून त्यांना तगवत होती. फेब्रुवारी 1997 या एका महिन्यात भाव 240 टक्क्यांहून जास्त चढले. त्याच वर्षीचा बल्गेरियन नॅशनल बँकेचा कायदा काकांनी वाचावा. छापलेल्या प्रत्येक लेव्हमागे परकीय गंगाजळी हवी. सरकारला उधारी बंद. अडचणीतल्या बँकेला मदत अपवादानेच, तीही तारणावर आणि जास्तीत जास्त तीन महिने. 1 जुलै 1997 पासून 1000 लेव्ह म्हणजे 1 जर्मन मार्क. 1999 मध्ये तीन शून्यं उडवली आणि मार्कचा युरोशी जो दर ठरला तोच लेव्हचा झाला. तेव्हापासून फ्रँकफुर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेचे व्याजदर निमूट सोसायचे, पण ते ठरतात त्या बैठकीत खुर्ची नाही. ती खुर्ची 2026 मध्ये मिळाली.

सोन्याचं म्हणाल तर राखीव साठ्यातला ठरावीक हिस्सा प्रत्येक सदस्य देश युरोपीय मध्यवर्ती बँकेकडे देतो. त्यातलं 15 टक्के सोनं असतं आणि बदल्यात तेवढ्याच रकमेचं येणं नावावर लागतं. बाकीचा साठा बल्गेरियाच्याच बँकेकडे.

महागाईत थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. कॅफे, सलूनवाले आकडा वरच्या बाजूला गोल करतात. 2023 मध्ये क्रोएशियात तेच झालं. पण याआधीच्या देशांत नुसत्या चलनबदलाने वाढलेली महागाई अर्ध्या टक्क्याच्याही आतली. दुप्पट कुठून आणलं?

खरा आक्षेप फॉरवर्डमध्ये नाहीच. दर बांधला की संकटात अवमूल्यन, म्हणजे आपलं चलन मुद्दाम स्वस्त, करता येत नाही. लाटव्हियाने 2009 मध्ये युरोशी बांधलेला दर सोडला नाही. सरकारी पगार कापले आणि अर्थव्यवस्था एका वर्षात सुमारे 14 टक्क्यांनी आक्रसली. तेव्हा लाटव्हियात युरो यायला अजून पाच वर्षं होती.