हजार फूट

महाराष्ट्राच्या भूजल कायद्यातल्या, विहीर-बोअरच्या खोलीवरच्या ६० मीटरच्या मर्यादेवरून आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा जुंपली आहे. दोनशे फुटांत काय पाणी लागणार, शेतकऱ्याला मारायचंच ठरवलंय, वगैरे. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "अमेरिकेत हजार फुटांवरून काढतात, मग आम्हालाच का अडवता?"

हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. ते हजार फूट माझ्या घराखालचे आहेत.

मी अमेरिकेत, न्यू मेक्सिकोतल्या लॉस अलामोसला राहतो. गावाच्या नळांना येतं ते सगळं भूजल, आणि त्याची पातळी हजारेक फूट खाली. त्यातलं बरंच पाणी प्युये नावाच्या थरात आहे. गावाला लागून असलेल्या हेमेझ डोंगरातले ज्वालामुखी झिजत गेले आणि ५० ते २० लाख वर्षांपूर्वी ओढ्यांनी त्यांचे गोटे, वाळू, राख पूर्वेला आणून पसरली. गेल्या रविवारी ग्वाहे कॅन्यनमध्ये या थराच्या उघड्या कड्याला हात लावला. करडा, पांढऱ्या ठिपक्यांचा एक गोटा दिसला. भोवतीची वाळू अंगठ्याने खरवडली तर ती भुरुभुरु गळाली आणि गोटा अलगद हातात आला. अशा ढिगात कणाकणांमध्ये पाणी मावतं.

लातूर जिल्ह्यात, औशाकडच्या आमच्या विहिरीत पहार मारली तर ती खणकन वाजून उलटी येते. तोही ज्वालामुखीचाच दगड, पण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. त्यात पाणी असतं ते वरच्या मुरमात, भेगांत, दोन थरांच्या सांध्यात. खाली जावं तशा भेगा मिटत जातात. सातशे फुटांवर एखादी लागलीच, तर बऱ्याचदा ती वरच्याच विहिरींचं पाणी ओढून घेते. नाहीतर नुसता फुफाटा.

"खोलातलं पाणी शुद्ध," असंही कोणीतरी लिहिलंय. इथल्या अण्वस्त्रांच्या प्रयोगशाळेच्या वीजकेंद्रात १९५६ ते १९७२ या काळात गंज धरू नये म्हणून क्रोमियम वापरलं आणि ते पाणी दरीत सोडलं. ते क्रोमियम झिरपत त्या हजार फुटांखालच्या साठ्यात पोहोचलंय. ते उपसून काढायचं काम अजून संपलेलं नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं, तर धाकट्या चुलतभावाचं एवढंच उत्तर आलं, "दादा, तूच तर सांगितलं होतंस."

खरं आहे. चार वर्षांपूर्वी सुट्टीत गेलो होतो, तेव्हा ओट्यावर बसून मीच मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, आमच्याकडे हजार फुटांवरून काढतात. 'आमच्याकडे' हा शब्द मीच वापरला होता. खडकाबद्दल मी चकार शब्द काढला नाही, कारण तेव्हा मला माझ्याच पायाखालचा खडक माहीत नव्हता आणि त्यांचा मी विसरलो होतो. पुढच्या उन्हाळ्यात त्याने पाणाडी बोलावला, दोन ठिकाणी बोअर मारले. दोन्ही फेल. निम्मे पैसे मी पाठवले. तो नको म्हणाला नाही, आणि त्यानंतर फोनही कमी झाले.

काल रात्री मीच केला. म्हणालो, नवा बोअर नको, आजोबांच्या विहिरीतला गाळ काढू, वरच्या नाल्याला बांध घालू, खर्च माझा. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, "आजोबांची विहीर किती परस आहे, आठवतं का तुला?"

मला आठवलं नाही.