पासबुक

आज आईला घेऊन बँकेत गेले होते, एफडी करायला. आई ६९ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलंय, पेन्शन तिची, पैसे तिचे. आणि काउंटरवरचा माणूस सगळं विचारतोय माझ्या नवऱ्याला! किती वर्षांची करायची साहेब, नॉमिनी कोण साहेब. अरे तो बिचारा नुसता एसीची हवा खायला आत आलाय.

डोकंच फिरलं. फॅमिली ग्रुपवर टाकलं तर फ्रान्समधल्या लियोनहून आतेबहिणीचा लगेच रिप्लाय, इंडियात हे असंच, इथल्या बायका बघ किती इंडिपेंडंट, तुम्ही लोक आधी स्वतःवर काम करा. तायडे, तुझ्या शेजारच्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या आजीला विचार जरा. फ्रान्समध्ये लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या संमतीशिवाय स्वतःच्या नावाने खातं उघडता यायला आणि नोकरी करता यायला १९६५ साल उजाडलं. आणि ते पलीकडचं स्वित्झर्लंड? तिथे बायकांना देशाच्या निवडणुकीत मत १९७१ मध्ये मिळालं, एका कँटनमध्ये, म्हणजे तिथल्या एका राज्यात, तर स्थानिक मतासाठी १९९० ला कोर्टाला सांगावं लागलं. माझी आजी १९५२ ला नऊवारी नेसून मत देऊन आलेली! तिकडच्या बायकाही वर्षानुवर्षं भांडल्या म्हणून मिळालं, पहाटे पाचला उठून जर्नल लिहून नाही.

हां, तिकडे आता काउंटरवर कुणी साहेब शोधत नसेल आणि आपल्याकडे कायदा असून शोधतात, मान्य.

पण आईचं सांगायचं राहिलं. काल रात्री ती कालनिर्णयच्या जुन्या पानामागे सही गिरवत बसली होती. हात थरथरतो ना आता, सही जुळत नाही म्हणतील म्हणून. बाबा होते तोवर पासबुक त्यांच्या कपाटात. बाबा वाईट नव्हते हो, कधी नाही म्हणाले नाहीत, पण स्वतःच्या पगारातून साडी घ्यायची तरी "ह्यांना विचारते" असायचंच. ती बाई आज फॉर्म स्वतःकडे ओढून म्हणाली, "अहो, खातेदार मी आहे. माझ्याशी बोला." वर्गातला आवाज! तो चक्क उभा राहिला.

गाडीत बसल्यावर मी सवयीने पासबुक आणि पावती माझ्या पर्समध्ये टाकली, म्हटलं तुझ्याकडून हरवेल गं. आईने हात पुढे केला. "दे इकडे."

दिलं.