पॅड कुठला टाकू, शेठ?

गाडी गेले पंधरा दिवस रडत होती. ब्रेक मारला की पुढच्या डाव्या चाकातून असा चिंईईई आवाज यायचा की सिग्नलला बाजूचा रिक्षावाला पण वळून बघायचा, आणि मी काय केलं तर रेडिओचा आवाज वाढवला. माझं पाण्याच्या जारचं काम आहे. भांडुपात, हो, जिथे महापालिकेचा आशियातल्या मोठ्यांपैकी एक जलशुद्धीकरण प्रकल्प आहे त्याच भांडुपात मी लोकांना पाणी विकतो, असो. एका फेरीला साठ जार, म्हणजे पाणीच बाराशे किलो, आणि रस्ता टेंभीपाड्याचा उतार. शेवटी बायकोच म्हणाली, अहो ब्रेक बघा आधी, रेडिओ नंतर ऐका.

मेकॅनिकने चाक खोललं आणि ब्रेकचा पॅड हातात दिला, चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला दाबून गाडी थांबवतो तो. नवीन असताना त्यावर बोटाएवढं जाड मटेरियल असतं, माझ्यावर पापडाएवढं उरलेलं. तीन मिमीच्या खाली गेलं की बदलायचं असतं म्हणे, माझं दोनच्याही खाली गेलेलं. आवाजाचं कारण पण दाखवलं, पॅडला पत्र्याची एक छोटी जिभली असते, मटेरियल संपत आलं की ती डिस्कला घासते आणि किंचाळते, आणि ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. म्हणजे पंधरा दिवस गाडी मला ओरडून सांगत होती आणि मी तिच्यावर जुनी गाणी लावत होतो.

"पॅड कुठला टाकू शेठ, ओरिजिनल का बाहेरचा?" एवढा साधा प्रश्न. पण हा प्रश्न मुंबईत चारचौघांत विचारून बघा, मुलीचं स्थळ बघताना होत नाहीत एवढ्या चौकशा होतात. मेहुणा म्हणाला ओरिजिनलच टाक, जिवाशी खेळू नको (त्याच्या स्वतःच्या गाडीच्या मागच्या ब्रेकला लायनर कुठले आहेत ते मला माहितीये). शेजारचा टेंपोवाला म्हणाला ओरिजिनल म्हणजे नुसता डब्याचा पैसा. सासऱ्यांनी तर पेपर बाजूला ठेवला, आणि ते पेपर बाजूला ठेवतात म्हणजे विषय गंभीर. बेस्टमध्ये ड्रायव्हर होते ते. 2023 च्या सप्टेंबरात जुनी डिझेलची डबलडेकर शेवटची धावली त्या दिवशी ते दिवसभर डोळ्यात कचरा गेला म्हणून सांगत होते. "जावईबापू, मी येतो सोबत," म्हणाले. झालं.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर गेलो. दुकानदाराने काउंटरवर तीन डबे मांडले. पहिला गाडीच्या कंपनीचा, होलोग्राम वगैरे, 2,350. दुसरा ज्या कारखान्यात पॅड बनतात त्याच्या स्वतःच्या नावाचा, 1,400. तिसरा 480, त्यावर पहिल्याचाच लोगो, फक्त 'जेन्युइन'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. तिसरा मी हसून परत सरकवला, तर दुकानदार अजिबात न लाजता म्हणाला, "चालतो तोही, लोकल फिरायला."

मग मला कळलं की गाडीची कंपनी पॅड स्वतः बनवतच नाही, बाहेरून घेते, स्वतःच्या डब्यात भरते. दोन्ही डबे उघडले, मागच्या लोखंडी प्लेटवर शिक्का तोच, ती पत्र्याची जिभली पण तशीच. मग साडेनऊशे रुपये कशाचे? दुकानदार म्हणाला, "गॅरंटीचे." मी विचारलं कसली गॅरंटी, तर म्हणाला, "झोप लागायची." खरं सांगू, उत्तर मला पटलं.

सासऱ्यांनी मात्र दोन्ही पॅड हातात घेऊन नारळ निवडतात तसे कानाशी धरून नखाने वाजवले. मग वास घेतला. मग दुकानदाराला म्हणाले, लोड गाडी आहे, उतारावर तापल्यावर काचेसारखा गुळगुळीत होऊन पकड सोडणार नाही ना? हा प्रश्न त्या अर्ध्या तासात कोणीच विचारला नव्हता, मीसुद्धा. दुकानदार पहिल्यांदा नीट उभा राहिला. "काका, 480 वाला होईल. हे दोन नाही होणार." आम्ही मधला घेतला, बिलासकट, आणि उजव्या चाकाला पण नवीनच, कारण एकाच बाजूला बदलले तर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडे ओढते.

संध्याकाळी ट्रायल. नवीन पॅड बसेपर्यंत पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर हलक्या पायाने चालवायचं, मेकॅनिकने बजावलेलं, म्हणून साठऐवजी वीसच जार घेतले. सासरे बाजूला बसले. टेंभीपाड्याच्या उतारावर मी ब्रेकवर पाय टेकवला की बाजूला धप्प आवाज, त्यांचा उजवा पाय रबर मॅटवर. प्रत्येक वळणाला धप्प. स्पीडब्रेकरला धप्प. एक कुत्रं आडवं आलं तेव्हा तर दोन्ही पाय. खाली आलो, गाडी गप्प उभी राहिली, चिंईई नाही की काही नाही.

"थांबली," मी म्हणालो.

त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "थांबली खरी. पण तुमच्या पॅडने का माझ्या पायाने?"