‘त्यांचं त्यांच्या ठिकाणी बरोबर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत ‘मासे शिजवणाऱ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये’ असा ठराव आला. तो अन्यायाचा आहे, असं मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं : चांगलं-वाईट प्रत्येक समाजाचं वेगळं असतं, आपलं तेच सगळ्यांना लावायला जाणारा माणूस पुढे कट्टर होतो, आणि ‘त्यांचं त्यांच्या ठिकाणी बरोबर’ एवढं मान्य केलं की सहिष्णुता आपोआप येते.

हेच वाक्य मी त्या सभेत ऐकलं, तेही ठराव मांडणाऱ्यांच्या तोंडून. आवाज न चढवता ते म्हणाले, “त्यांची संस्कृती त्यांच्या जागी चांगलीच आहे, आमची आमच्या जागी. त्यांनी स्वतःसारख्या लोकांत घर बघावं.” ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते जोडपं तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतं. तुमच्या भूमिकेतून या बोलण्याला काय उत्तर आहे? मला तरी सापडत नाही.

त्याच सभेत त्या जोडप्याच्या समोर राहणाऱ्या आजी उठल्या. गळ्यात तुळशीची माळ, वारी चुकवत नाहीत. त्या म्हणाल्या, “जीव मारणं पाप आहे, हे मी कुणालाही तोंडावर सांगेन. सुके बोंबील भाजले की मला मळमळतं, मी दार लावून घेते. पण त्यांच्या गॅसवर काय शिजावं हे मी कोण ठरवणार? त्यांना घर सोडायला लावू नका.” आजींना ‘सगळ्यांचंच बरोबर’ मुळीच मान्य नाही. समोरचे चुकतात, अशी त्यांची पक्की खात्री आहे, आणि तरीही त्या त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. मी सहिष्णुता म्हणतो ती ही. ज्याला काहीच खटकत नाही, त्याला सहन काय करायचं असतं?

तर्काच्या बाजूनेही तुमचं गणित जुळत नाही. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७२ साली ही गफलत नेमकी दाखवली होती. ‘योग्य म्हणजे त्या-त्या समाजापुरतं योग्य’ असं आधी म्हणायचं आणि त्यावरून ‘म्हणून कुणीही दुसऱ्याच्या रीतीत ढवळाढवळ करू नये’ असा निष्कर्ष काढायचा, तर तो ‘कुणीही’ सगळ्या समाजांना लागू होतो. म्हणजे सगळ्यांना लागू होणारा नियम आधी नाकारला आणि तोच मागच्या दाराने आत घेतला. एखाद्या समाजाची रीतच दुसऱ्यावर चालून जायची असेल, तर त्याला थांबवायला ‘ज्याचं त्याचं बरोबर’ म्हणणाऱ्या सापेक्षतावाद्याच्या हातात काय उरतं?

‘समाजाचं मत’ म्हणजे कुणाचं मत, हाही प्रश्न आहेच. रखमाबाईंचा खटला आठवा. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला त्यांनी नकार दिला. १८८५ साली मुंबई उच्च न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली हुकूम झाला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या कैदेला तयार झाल्या. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात होता. आता सांगा, त्या समाजाचं मत कोणतं धरायचं? रखमाबाई काही परक्या नव्हत्या. बहुमताला समाज म्हटलं की आतून विरोध करणारा प्रत्येक माणूस व्याख्येनेच चुकीचा ठरतो. जातपंचायतींनी वाळीत टाकण्याच्या चालीविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ साली कायदा झाला. त्याही वेळी ‘आमच्या चालीरीती’ सांगायला पंच पुढे होते, आणि वाळीत पडलेली घरं त्याच समाजातली होती.

तुमचा एक मुद्दा मला वजनदार वाटतो. ‘आम्ही तुम्हाला सुधारायला आलोय’ म्हणत साहेबाने दीडशे वर्षं राज्य केलं, हे खरंच आहे. याच धास्तीने १९४७ साली अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनात मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याबद्दल शंका घेतली होती. पण १९९९ साली त्याच संघटनेने मानवी हक्कांच्या बाजूने जाहीरनामा काढला. आणि साहेबाचं राज्य अन्यायाचं होतं, हे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? त्याच्या समाजात तर ते मानाचं मानलं जात होतं. ‘त्यांच्यापुरतं बरोबर’ म्हणून ते सोडून द्यायला मी तयार नाही, आणि तुम्हीही नसाल.

‘माझं चुकत असेल’ आणि ‘कुणाचंच चुकत नाही’ यांत फार अंतर आहे. पहिलं म्हणणारा दुसऱ्याचं ऐकून घेतो, कारण त्यातून त्याला काही कळण्याची शक्यता असते. दुसरं म्हणणाऱ्याला ऐकायची गरजच उरत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, “मग योग्य काय हे ठरवणार कोण, तुम्ही?” एकटा मी नाही. पण ज्याच्यावर नियम पडणार आहे त्याला विचारल्याशिवाय तो ठरू नये, एवढं मी कुठल्याही समाजासाठी म्हणेन. सोसायटीच्या सभेत भाडेकरूला मत नसतं. ते जोडपं त्या संध्याकाळी वर घरातच होतं, आणि खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून आम्ही त्यांचं ठरवत होतो. ठराव पुढच्या सभेवर गेलाय. त्या सभेला त्यांना बोलावून त्यांचं ऐकून घ्यावं, असं पत्र मी सेक्रेटरींना दिलंय. त्यावर आजींचीही सही आहे.