हलका बीसीडी आणि लिफ्टचा हिशोब : एका कमेंटला सविस्तर उत्तर

दादा, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की अडीच किलोच्या ट्रॅव्हल बीसीडीची (स्कूबा डायव्हिंगमधे टाकी पाठीवर धरणारं, हवा भरून तरंगायला मदत करणारं जॅकेट, त्याचा प्रवासाला हलका प्रकार) शिफारस करून मी नवीन पोरांना धोक्यात घालतोय, लिफ्ट (हवा भरल्यावर बीसीडी पाण्यात उचलून धरतो तेवढं वजन) वीस किलो तरी पाहिजेच, आणि एवढं हलकं काय टिकणार. विषय जिवाचा आहे म्हणून दोन ओळीत उरकत नाही.

लिफ्ट अंदाजानं ठरवायची नसते, हिशोब करता येतो. आपण कोल्हापूरकर जातो कुठं, तर घाट उतरून मालवण-तारकर्ली, नाहीतर मुरुडेश्वरहून नेत्राणी, सुट्टी आणि पैसे जमले तर अंदमान. सगळीकडं पाणी गरम, अंगात ३ मिमी जाडीचा सूट, पाठीवर ११ लिटरची एकच अ‍ॅल्युमिनियमची टाकी. त्यात २०० बारला साधारण २२०० लिटर हवा बसते, तिचं वजन अडीच-पावणेतीन किलो. ती डाईव्ह संपेपर्यंत संपत जाणार, म्हणून सुरवातीला आपण तेवढं जड असतोच. खाली सूट दबतो आणि कमी तरंगतो, त्याचे दोनेक किलो धरा. झाले पाच. आता दुसरी बाजू, बोटीपाशी बीसीडी अंगातून काढला तर तो भरल्या टाकीसकट स्वतः तरंगला पाहिजे : टाकी पाण्यात पाऊण किलोभर जड, रेग्युलेटर (टाकीतली हवा श्वासाला देणारं उपकरण) किलोभर, खिशात चार किलो वेट (बुडायला लावायची वजनं), म्हणजे सहाच्या आसपास. मग ट्रॅव्हल बीसीडीची १२-१३ किलो लिफ्ट गरजेच्या दुप्पट झाली की!

जास्त असली तर बिघडलं काय, असं तुम्ही विचारलंय. मोठा ब्लॅडर (बीसीडीतली हवेची पिशवी) पाण्यात जास्त अडतो, घड्यांमधे हवा अडकून राहते, आणि इन्फ्लेटरचं (हवा भरायचं) बटण चिकटलं तर त्यात हवाही जास्त शिरते. १० मीटरवरून वर येईपर्यंत ती दुप्पट फुगते, आणि आपल्याकडच्या उथळ पाण्यात सावरायला वेळच मिळत नाही. ७ मिमीचा सूट, स्टीलची टाकी किंवा ड्रायसूट (आत पाणी न शिरणारा सूट) असेल तर मात्र तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर, तिथं हलका बीसीडी घेऊच नये.

टिकाऊपणाचं म्हणाल तर वजन वाचतं ते पाठीची कडक प्लेट, पॅडिंग आणि जादाचे खिसे काढून. खरी अडचण तिथंच आहे आणि ती कमेंटमधे आलीच नाही : पाठ मऊ असली की टाकी डुलते. म्हणून दुकानात नुसता अंगात घालून बघू नका, टाकी लावून बघा, पट्टा उंच बसतो का, वाकल्यावर व्हॉल्व्ह डोक्याला लागतो का. टाकीचा पट्टा आधी पाण्यात भिजवायचा आणि मग बकल आवळायचं, कोरडा आवळला तर पाण्यात ढिला पडतो आणि टाकी हळूच खाली सरकते. खालचा डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायचा) डोकं खाली असताना हाताला लागतो का तेही बघा, काही मॉडेलमधे दोरी इतकी आखूड असते की ग्लोव्हज घालून सापडतच नाही.

आणि देशांतर्गत विमानात साध्या तिकिटावर बहुतेक वेळा १५ किलोच चेक-इन सामान नेता येतं, त्यात चार किलोचा जॅकेट बीसीडी घातला तर रेग्युलेटर आणि फिन्स कुठं घालायचे?

तुमचा सूट किती मिमीचा आणि वेट किती लावता ते लिहा, तुमचाही हिशोब इथंच मांडू.