काकांची हजेरी ‘वैयक्तिक’ कशी काय?

आज दुपारी पोस्टाने एक सरकारी पाकीट आलं. आत एकच कागद. ‘आपण मागणी केलेली माहिती ही त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने पुरविता येत नाही.’ खाली सही, गोल शिक्का, जावक क्रमांक. शुद्धलेखनसुद्धा बरोबर.

ही त्रयस्थ व्यक्ती म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आमचे काका. १९८७ साली वारले. ते गिरणीच्या पटावर होते की नाही, एवढंच विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मावशीच्याच नावाने केलेला आहे. म्हणजे बायको नवऱ्याबद्दल विचारतेय आणि सरकार तिला सांगतंय, बाई, तुम्ही परक्या.

कागद हातात असतानाच फोन वाजला. ‘मॅडम, तुमचा टू बीएचके आहे ना, बी विंगमध्ये? विकायचा विचार आहे का? पार्टी तयार आहे.’ माझं नाव, मजला, कार्पेट एरिया, कोणत्या साली घेतला, सगळं त्या पोराला पाठ. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही, फ्रेंडलिस्टमध्ये सासरची माणसं आहेत.

तर या मुंबईत माझं काहीही खासगी उरलेलं नाही. खासगी आहे ती फक्त मेलेल्या गिरणी कामगाराची हजेरी.

काकांबद्दल सांगते. परळच्या एका गिरणीत त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. आधी बदलीवर, म्हणजे कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी, मग कायम. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा त्यांच्यासारखीच अडीच लाख माणसं बाहेर पडली. पुढचं तुम्हाला माहीत आहे, आपल्यापैकी निम्म्यांच्या घरात ते घडलंय. काकांना परत आत घेतलं नाही. गावाला गेले, तिथे भागेना म्हणून परत आले, एका बिल्डिंगवर रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि पाच वर्षांत संपले. मावशीने डबे करून दोन पोरं वाढवली. तिला कधी कुणाकडे काही मागताना मी पाहिलेलं नाही.

मग गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरं द्यायची योजना आली. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र. काका त्या तारखेला पटावर होते, संपाच्या सतरा दिवस आधी रोज भोंग्याला घरातून निघत होते, अख्खी चाळ साक्षीला होती. पण चाळ म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे लाल पास, हजेरीपत्र, तिकीट नंबर म्हणजे गिरणीतला कामगाराचा क्रमांक, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड, फंडाचा हिशेब. हे सगळं मावशीच्या पत्र्याच्या ट्रंकेत होतं. ती ट्रंक पलंगाखाली होती. खोली कुर्ल्याला, तळमजल्यावर. आणि २६ जुलै २००५ ला त्या खोलीत छातीपर्यंत पाणी होतं. लाल पासचा लगदा झाला. तिने तो फेकलाही नव्हता बरेच दिवस, वाळत घातला होता.

आता साधा विचार करा. कागदाची एक प्रत कामगाराकडे, दुसरी नोंद रजिस्टरात. कामगाराची प्रत पुरात गेली. रजिस्टर कुठल्या तरी कपाटात आहे, आहे हे त्यांनीच तोंडी कबूल केलंय. मग बघून सांगा ना, हा तिकीट नंबर पटावर होता की नव्हता! एवढंच विचारलंय. त्यांचा पगार किती, दांड्या किती, कुठल्या युनियनचे, असलं काही विचारलेलं नाही.

(कुठलं ऑफिस ते विचारू नका, लिहिणार नाही. मावशीला अजून तिथेच जायचंय.)

खिडकीवरच्या बाईंनी पहिल्यांदा काय विचारलं माहितीय? ‘कशाला हवंय?’ माहिती अधिकार कायद्यात स्वच्छ लिहिलंय की अर्जदाराने कारण सांगायची गरज नाही. मावशीने तरी सांगितलं, अगदी संपापासून. बाई मोबाइलवर बोटं फिरवत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, लेखी द्या. लेखी दिलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, कारण आपल्या राज्याच्या नियमांत तसं बसवून ठेवलंय. एका माणसाची अख्खी नोकरी दीडशे शब्दांत. त्यातही मी काटछाट करून बसवली. आणि उत्तर हे.

हे उत्तर एका कारकुनाच्या डोक्यातून आलेलं नाही. माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात वैयक्तिक माहितीला आधीपासून संरक्षण होतंच. पण त्याला अट होती. माहितीचा सार्वजनिक कामाशी काही संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होत असेल, तर नाकारा. आणि त्याखाली आणखी एक फार मोलाची ओळ होती, की जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारायची नाही. म्हणजे मावशी आणि आमदार एका पायरीवर. २०२३ च्या डेटा संरक्षणाच्या कायद्याने ती अटही छाटली आणि ती ओळही. आता उरलंय ते एवढंच, की वैयक्तिक माहिती असेल तर देऊ नका. बरं, सरकारी कागदावर ज्यात माणसाचं नाव नाही असं असतं काय? पटावर नाव, टेंडरवर नाव, परवान्यावर नाव, चौकशी अहवालावर नाव. सगळंच वैयक्तिक!

हो, मोठं जनहित असेल तर देता येतं, तेही त्याच कलमात आहे, मान्य. ते जनहित आहे की नाही हे ठरवणार तोच सहीवाला साहेब.

आणि काकांच्या बाबतीत तर हे उत्तर कायद्यातही बसत नाही. त्याच आठव्या कलमात खाली म्हटलंय की वीस वर्षांपूर्वीच्या गोष्टींची माहिती मागितली तर द्यायची. अपवाद कशाला, तर देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा हक्कभंग आणि मंत्रिमंडळाचे कागद. वैयक्तिक माहिती त्या अपवादांत नाही. १९८२ ला वीस नाही, चाळीसच्या वर वर्षं झाली. आमच्या काकांच्या त्रासन खात्यातल्या हजेरीने देशाची सुरक्षा धोक्यात येते का? येत असेल तर तसं लिहून द्या, फ्रेम करून लावते.

आता गंमत बघा, या शहरात उघडं काय काय आहे. तुमच्या घराचं इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदीचा उतारा, उघडं आहे. कुणी घेतलं, कुणाकडून, किती फुटांचं, किती पैशांना. पूर्वी त्यासाठी फोर्टात जुन्या कस्टम हाऊसला वकिलाचा माणूस जाऊन बसायचा, आता नोंदणी खात्याच्या ई-सर्चवर घरबसल्या दिसतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून ती पुस्तकं कुणालाही बघायला उघडी आहेत. याबद्दल माझी तक्रार नाही, उलट ते उघडंच असावं, नाहीतर एकच खोली चार जणांना विकणारे याच शहरात आहेत. प्रॉपर्टी कार्ड उघडं. मतदार यादी उघडी, त्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, घर नंबर. जन्ममृत्यूच्या रजिस्टरात कुणीही शोध घ्यायला सांगू शकतो, उतारा घेऊ शकतो. फक्त मृत्यूचं कारण उताऱ्यावर येत नाही. किती शहाणपणाचा नियम आहे बघा, १९६९ चा. माणूस गेला ही नोंद सगळ्यांची, कशाने गेला हे घरच्यांचं. तेव्हाच्या लोकांना ही रेघ मारता येत होती.

आणि स्पेशल मॅरेज कायद्याने केलेलं लग्न? दोन सज्ञान माणसांनी लग्न करायचं म्हटलं की नावं, पत्ते असलेली नोटीस तीस दिवस बोर्डावर. नोटिशीचं पुस्तक कुणीही उघडून बघावं, तेसुद्धा फुकट, असं कायद्यातच आहे. माझ्या ऑफिसातल्या एका मुलीने ते तीस दिवस कसे काढले ते मी पाहिलंय. रोज कुणी ना कुणी ‘हितचिंतक’ तिच्या घरी पोचायचा. तिची माहिती वैयक्तिक नव्हती वाटतं! तिथे कुणाला त्रयस्थ व्यक्ती आठवत नाही.

मला खरं चीड याचीच येते. ज्याच्या हातात काही नाही त्याचं सगळं चव्हाट्यावर आणि ज्याला जाब विचारायचा त्याच्यावर पांघरूण. २०१० साली कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं प्रकरण बाहेर आलं, मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. त्यात माहिती अधिकारवाल्यांचा वाटा मोठा होता. फ्लॅट कुणाकुणाला मिळाले, ही माणसं कोण, कुणाची नातेवाईक, हेच तर त्या सगळ्याचं मूळ होतं. आज तीच यादी मागितली असती तर हाच गोल शिक्का आला असता, हेच शुद्धलेखन.

बरं, एक गोष्ट कबूल करते, कारण कुणीतरी लगेच लिहिणारच. नावांच्या याद्या चुकीच्या हातात गेल्या की काय होतं हे मुंबईला शिकवायला नको. ९२-९३ च्या दंगलीत लोकांनी बिल्डिंगखालच्या पाट्यांवरून आपली नावं उतरवली होती. माझ्या डोळ्यांसमोर आहे ते. म्हणून जिवंत माणसाचा पत्ता, फोन, जात, आजार जपा, जरूर जपा. पण ते जपताय कुठे? ते तर त्या फ्लॅटवाल्या पोराकडे आहे.

थांबा, कुकर बंद करून आले.

सगळेच तसे नसतात हेही लिहायला हवं. काकांचा मृत्यूचा दाखला काढायचा होता तेव्हा आम्ही आधी भलत्याच वॉर्डात उभ्या. मावशीला वाटायचं, राहायला जिथे होतो तिथे नोंद. तसं नसतं. माणूस जिथे गेला त्या वॉर्डात नोंद. केईएम हॉस्पिटलमध्ये गेला तर एफ साऊथ वॉर्ड, मग घर कुठेही असो. हे आम्हाला एका म्हाताऱ्या शिपायाने जिन्यात सांगितलं. रेकॉर्डला जो माणूस होता त्याला नक्की तारीख हवी होती. मावशीला तारीख आठवेना, ‘गणपती उठले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात’ एवढंच. दुसऱ्या कुणी हाकलून दिलं असतं. हा माणूस मोबाइलवर १९८७ च्या अनंत चतुर्दशीची तारीख काढून रजिस्टर घेऊन बसला आणि पानं उलटत गेला. कडा हाताला येतील इतकं जुनं रजिस्टर. सापडल्यावर त्याने ते फिरवून मावशीसमोर धरलं, म्हणाला, हेच ना मावशी? तिने काकांच्या नावावर बोट ठेवलं. मी दुसरीकडे बघितलं. चहा विचारला तर नको म्हणाला.

त्याच्याकडे कुठला वेगळा कायदा होता? काहीच नाही. त्याला फक्त माहीत होतं की रजिस्टर सांभाळायचं ते दाखवण्यासाठी. सरकारी रेकॉर्ड म्हणजे काही साहेबाच्या आजीच्या कानातल्या कुड्या नाहीत, फडक्यात बांधून ठेवायला.

आणि ठेवायचंच असतं तर निदान नीट ठेवा! एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आपलं पुराभिलेखागार आहे, पेशव्यांच्या आणि कंपनीच्या काळातले कागद तिथे वाचायला मिळतात, अभ्यासक परदेशातून येतात, चांगलंच आहे. कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्यावर याच सरकारने मोडी वाचणारे बसवले, गठ्ठे सोडले, कोतवाल बुकं चाळली. म्हणजे मनात आलं की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नोंद सापडते, तेव्हा ती कुणाची वैयक्तिक नसते. आणि १९८२ चा परळचा कामगार सापडत नाही! दीड लाखाहून जास्त अर्ज आहेत गिरणी कामगारांच्या घरांसाठी. त्यातले कितीतरी जण यादीची वाट बघत गेले. आता वारसांचे वारस चपला झिजवतायत. मावशीने या वर्षी पंच्याहत्तरी गाठली. ती आता म्हणते, राहू दे गं, घर मिळालं तरी मी कुठे राहायला जाणार. हे ऐकलं की मला अजून चेव येतो.

वकील मित्रांनो, ‘आधीच वेगळ्या पद्धतीने अर्ज करायला हवा होता’ हे सांगू नका. सरळ माणसाने सरळ विचारल्यावर उत्तर मिळायला हवं, त्यात पद्धत कसली.

उद्या पहिलं अपील टाकतेय. वीस वर्षांवाला मुद्दा पहिल्याच ओळीत. तिथे नाही झालं तर माहिती आयोग, तिथली रांग किती लांब असते ते ठाऊक आहे, तरी.

दोन गोष्टी हव्यात. परळ-लालबागच्या कुठल्याही गिरणीत १९८१-८२ ला त्रासन खात्यात तुमचे वडील, काका, मामा होते आणि त्यांच्या वेळी गिरणीचं जुनं रजिस्टर कुठल्या कचेरीतून मिळालं हे माहीत असेल, तर मेसेज करा. नावं इथे उघड्यावर लिहू नका, इनबॉक्समध्ये लिहा. आणि दुसरं, अपिलाला वीस रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो. भांडुप-मुलुंडकडे शनिवारी कोण विकतं?